अज्ञातकुलशील इंजिन

मुंबईंत कुर्ल्याच्या भंगार बाजारांत एका दुकानाच्या फळीवर, घासलेटनें धुऊन पुसून लख्ख केलेलें मोटारीचें एक इंजिन मांडलेलें असतें. दुकानदार त्यावर हात ठेवून सांगतो, "साहेब, एकदम चालू इंजिन. पारशी बावाची गाडी होती. रविवारीं बाहेर पडली तर पडली." ऐकणाऱ्या गृहस्थांच्या घराखालीं त्यांच्या वडिलांनीं हौसेनें घेतलेली प्रीमियर पद्मिनी कांहीं महिने ताडपत्रीखालीं उभी आहे. तिच्या सायलेन्सरमधून निळा धूर येतो, तेल दर आठवड्यास घालावें लागतें, आणि चढावर ती धापा टाकते. बरोबर आलेला मिस्त्री भाव ठरविण्याच्या घाईंत आहे. मुलीचें स्थळ पाहतांना चार गांवीं चौकशी करणारें घर या ठिकाणीं मात्र एका वाक्यावर पैसे मोजतें, हें आश्चर्य खरें. परंतु तें नित्य घडतें.

दुकानदार खोटेंच बोलतो असें समजण्याचें कारण नाहीं. बहुधा त्यालाहि कांहीं ठाऊक नसतें. इंजिन त्याच्याकडे येतें तें दुसऱ्या भंगारवाल्याकडून, आणि त्या प्रवासांत गाडी, मालक व कागद हे तिन्ही मागें राहतात. मात्र ज्याला सर्व ठाऊक आहे तो साक्षीदार समोरच फळीवर बसलेला असतो. इंजिन किती झिजलें, केव्हां तापलें, किती वेळां उघडलें गेलें, त्यांत पाणी शिरलें होतें कीं काय, हें सारें त्याच्या धातूवर लिहिलेलें असतें. तें वाचावयाचें म्हणजे वरचें हेड आणि खालचें तेलाचें चेंबर उघडावयास हवें. आणि नेमकें हेंच काम चार पैसे वांचविण्यासाठीं टाळलें जातें. या बचतीचा हिशेब मुळांतच चुकलेला आहे. मोटारींतून एक इंजिन काढून दुसरें चढविण्याची मजुरी, नवें आलेलें इंजिन चांगलें निघो कीं वाईट निघो, तेवढीच पडते. आणि वाईट निघालें तर ती दोनदां पडते.

या इंजिनाचा जन्म बहुधा कुर्ल्यांतलाच. १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीनें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार करून कुर्ला येथील कारखान्यांत मोटारी बनविल्या. १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट', १९७२ पासून 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' अशीं नांवें बदलत गेलीं, तरी बॉनेटखालचें पेट्रोल इंजिन मूळ आराखड्याचेंच राहिलें. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर व त्यांतील पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, सर्व मिळून आकारमान १०८९ घनसेंटिमीटर. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यावर हेड ॲल्युमिनियमचें, आणि क्रँकला तीन मुख्य बेअरिंगांचा आधार. २००१ च्या सुमारास या मोटारीचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत मात्र ती पुढेंहि धांवत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली होती. टॅक्सीस असलेली वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरांत तीहि रस्त्यावरून उठली.

त्यापूर्वींच्या वर्षांत हजारों टॅक्सी मोडींत निघाल्या. कुर्ल्याप्रमाणेंच दिल्लीचें मायापुरी, मद्रासचें पुदुपेट, कलकत्त्याचा मलिक बाजार, या ठिकाणीं मोटारीचे अवयव सुटे होऊन विकावयास बसतात. तेव्हां 'पारशी बावाची गाडी' हें वाक्य कानीं पडतांच एक साधा विचार करावा, कीं मुंबईच्या बाजारांत पद्मिनीचीं जीं इंजिनें आलीं त्यांत टॅक्सीचीं पुष्कळ असणार. दुकानदार टॅक्सीचें नांव घेत नाहीं इतकेंच.

आणि येथें एक गंमत आहे. टॅक्सीचें इंजिन म्हणजे वाईट आणि रविवारच्या गाडीचें म्हणजे उत्तम, ही समजूत अर्धीच खरी. इंजिनाची झीज बरीचशी होते ती थंड इंजिन सुरू करतांना, तेल सर्वत्र पोंचण्यापूर्वीं. टॅक्सी सकाळीं एकदां सुरू झाली कीं दिवसभर गरम राहते. उलट, लिटरभर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें लिटरभर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. इंजिन पुरेसें तापलें तर ती वाफ निघून जाते. आठवड्यास एकदां दोन मैल जाऊन परत येणाऱ्या गाडींत तिच्यापैकीं कांहीं अंश तेलांत उतरतो, तेलाचा चिखल होतो, आणि आम्ल तयार होऊन बेअरिंगास खातें. तेव्हां दुकानदाराचें वाक्य खरें ठरलें तरीहि निश्चिंत होण्याचें कारण नाहीं. टॅक्सीच्या इंजिनाचें दुखणें निराळें. २००० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येनें सीएनजी वायूवर गेल्या. हा वायु कोरडा. वॉल्व ज्या बैठकींवर आपटून बंद होतात त्यांस पेट्रोलपासून मिळणारा थोडाफार ओलावाहि त्यापासून मिळत नाहीं. बैठकी झिजतात, वॉल्व आंत आंत बसत जातो, टॅपेटची फट पुन्हां पुन्हां बुजते. ज्या हेडमधील वॉल्व बैठकींत खोल रुतलेले दिसतील तें हेड दुरुस्त करूनच वापरावें.

परंतु या सर्वांच्या आधीं एक प्रश्न आहे: दुसरें इंजिन घ्यावयाचें तरी कशासाठीं? निळा धूर म्हणजे ज्वलनकक्षांत तेल जळत आहे. त्याचा अर्थ रिंगा झिजल्या असतील, किंवा वॉल्वचे मार्गदर्शक सैल झाले असतील. या दोन्ही गोष्टी घरच्याच इंजिनांत दुरुस्त होतात. सिलिंडर लेथवर थोडे मोठे करून मोठ्या मापाचे पिस्टन घालतां येतात. तेंहि माप संपलें असेल तर आंत लोखंडी नळकांडें बसवून मूळ व्यासावर येतां येतें. क्रँक घासून लहान मापाचीं बेअरिंगें बसवितां येतात. घरच्या इंजिनाचा रोग तरी ठाऊक असतो. परक्या इंजिनाचा शोध घ्यावा तो घरचा ब्लॉक फुटला असेल, क्रँक तुटला असेल किंवा शेवटच्या मापापलीकडे घासला गेला असेल तेव्हां. एरव्हीं मिस्त्री 'इंजिनच बदलूं या' म्हणतो त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें, कीं बदलण्यास दोन दिवस लागतात आणि दुरुस्तीस तीन आठवडे.

घेण्याचें ठरलेंच तर पहिली तपासणी डोळ्यांची, आणि ती क्रमांकाची. ब्लॉकवर कारखान्यानें ठोकलेला क्रमांक असतो; मोटारीच्या नोंदणीपत्रांत चेसिसच्या क्रमांकाबरोबर तोहि लिहिलेला असतो. ज्या ब्लॉकवर त्या जागीं कानशीच्या खुणा आहेत, पृष्ठभाग भोंवतालच्या लोखंडापेक्षां उजळ आहे किंवा आंकडे वेडेवांकडे बसले आहेत, तो फुकट मिळाला तरी घेऊं नये. चोरीचा माल, तो तसा आहे असें मानण्यास कारण असतां, जवळ घेणें हा गुन्हा आहे. पूर्वीं तो भारतीय दंडविधानाच्या ४११ व्या कलमाखालीं येत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखालीं येतो. क्रमांक स्वच्छ असला तरी त्या क्रमांकाची, विक्रेत्याच्या नांवापत्त्याची पावती घ्यावी. गाडींत असा फेरफार करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणी-अधिकाऱ्याची संमति लागते. तेव्हां परिवहन कार्यालयांत कोणते कागद लागतील हें पैसे मोजण्यापूर्वींच विचारून घ्यावें. मागून विचारणारांची फार धांवपळ होते. पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीची नोंदणी पुन्हां करावयाच्या वेळीं ती तपासणीसाठीं न्यावी लागते, आणि पत्रांतला क्रमांक व लोखंडावरचा क्रमांक जुळला नाहीं तर वडिलांच्या आठवणीची गाडी कागदोपत्रीं बेवारशी ठरण्याची वेळ येते. विमा कंपनीसहि कळवावें.

त्यानंतर बाह्य लक्षणें. नुकताच चंदेरी रंग दिलेलें इंजिन असल्यास दोन पावलें मागें सरावें; रंगाखालीं तेलाची गळती व ब्लॉकवरची तड दोन्ही झांकतां येतात. बोल्टांचीं डोकीं गोल झालीं असतील तर इंजिन घाईच्या हातांनीं अनेकदां उघडलेलें आहे. ब्लॉकच्या बाजूस पाण्याच्या खोबणी बंद करणाऱ्या पत्र्याच्या वाटोळ्या झांकण्या असतात. त्या आंतून गंजून पाझरत असतील तर या इंजिनांत वर्षानुवर्षें साधें नळाचें पाणी घातलें गेलें. टॅपेटचें झांकण काढून पाहावें. आंत सोनेरी-तपकिरी छटा असेल तर तेल वेळच्या वेळीं बदललें जात होतें. डांबरासारखा काळा थर असेल तर नाहीं. आणि दुधाळ साय असेल तर तेलांत पाणी मिसळलें आहे. स्पार्क प्लग काढून ओळीनें मांडावे. चारांपैकीं तिघांचा रंग फिकट तपकिरी आणि एक तेलानें काळा असेल तर दुखणें कोणत्या खोलींत आहे हें तेव्हांच समजतें.

पुष्कळ दिवस पडून राहिलेल्या इंजिनास सेल्फनें कधींहि एकदम फिरवूं नये. इंजिन थांबतें तेव्हां एखाद्या सिलिंडरचा वॉल्व उघडाच राहतो, आणि चार महिन्यांची पावसाळी दमट हवा त्यांतून आंत शिरून त्याच एका सिलिंडरला गंज चढविते. रिंगा गंजाला चिकटतात. तेव्हां प्रत्येक प्लगच्या भोकांतून थोडें तेल सोडून रात्रभर मुरूं द्यावें आणि सकाळीं पान्यानें, हातानें, हळूहळू फिरवावें. दोन पूर्ण फेऱ्यांत कोठें अडलें, कोठें खरखरलें, तर तें हातास कळतें.

गिअर-बॉक्ससकट मिळालेलें इंजिन जमिनीवर ठेवूनहि बॅटरीच्या साहाय्यानें सेल्फवर फिरवितां येतें व त्याचें कॉम्प्रेशन मोजतां येतें. चारहि प्लग काढावे, कार्बोरेटरचा पडदा पूर्ण उघडा ठेवावा आणि प्रत्येक भोकांत पाळीपाळीनें दाबमापक बसवून आंकडा लिहून घ्यावा. येथें आंकड्यापेक्षां आंकड्यांतील अंतर महत्त्वाचें. चारही सिलिंडर थोडे कमी पण सारखे असतील तर इंजिन म्हातारें आहे; एकच सिलिंडर इतरांहून दहाव्या हिश्शापेक्षां अधिक खालीं असेल तर तें आजारी आहे. त्या सिलिंडरांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर गळती रिंगांतून होत होती, कारण तेलानें ती क्षणभर बुजली. वाढला नाहीं तर वॉल्वकडे संशय वळवावा. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खालीं असतील तर बहुधा त्यांच्यामधील हेड-गॅस्केट जळालेलें असतें.

या सर्व परीक्षांत उत्तीर्ण होणारें एक इंजिन असें असतें, कीं तें घेणाऱ्याचा घात करतें. त्याची हकीकत मुंबईकरांस सांगणें अगत्याचें आहे.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी फुगून कुर्ला-कलिन्याच्या वस्तींत शिरली आणि असंख्य मोटारी बुडाल्या. त्यानंतरहि जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यांत हिंदमाता, सायन, मिलन सबवे या सखल जागीं गुडघाभर पाण्यांतून गाडी रेटणारे धाडसी चालक दिसतात. अशा वेळीं हवा ओढून घेणाऱ्या नळींतून पाण्याचा एक घोट सिलिंडरांत जातो. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आपटून थबकतो, फ्लायव्हीलचा जोर मात्र त्यास वर ढकलीतच असतो, आणि या दोहोंच्या कात्रींत पिस्टन व क्रँक यांस जोडणारा कनेक्टिंग रॉड किंचित् वांकतो. गाडी बंद पडते. प्लग काढून पाणी उडवून देतात, तेल बदलतात, आणि इंजिन पुन्हां सुरू होतें! 'चालू इंजिन' हे दुकानदाराचे शब्द त्या वेळीं अक्षरशः खरे असतात. कॉम्प्रेशनहि थोडेंच कमी भरतें. परंतु वांकलेला रॉड प्रत्येक फेरींत वांकत-उलगडत राहतो. मिनिटास ४००० फेऱ्यांच्या गतीला ७५ मिलिमीटर धावेचा पिस्टन सरासरी सेकंदास १० मीटर वेगानें धांवतो, आणि मिनिटांत ८००० वेळां थांबून दिशा बदलतो. थकलेलें पोलाद एखाद्या दिवशीं तुटतें, तुटलेलें टोंक ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतें, आणि गरम तेल रस्त्यावर सांडतें. बोरघाटांत, मागच्या बैठकींवर मुलें बसलेलीं असतां, मागून भरलेला ट्रक येत असतां हें घडलें तर काय होईल याची कल्पना प्रत्येकानें आपल्यापाशीं करावी.

हा दोष ओळखण्याची युक्ति अगदीं सोपी आहे, फक्त हेड काढावें लागतें. वांकलेला रॉड लांबीला कमी झालेला असतो. म्हणून त्याचा पिस्टन वर येतांना इतरांइतका वर येत नाहीं. या इंजिनांत पहिला व चौथा पिस्टन बरोबर वर येतात, आणि दुसरा व तिसरा बरोबर. प्रत्येक जोडी शिखरावर आणून ब्लॉकवर पोलादी पट्टी आडवी ठेवावी आणि पिस्टन पट्टीपासून किती अंतरावर राहतो तें मोजावें. चारही ठिकाणीं तें एकच यावयास हवें. एकाचें अंतर अर्ध्या मिलिमीटरनें जरी निराळें आलें, तरी मिस्त्रीचें कांहींहि ऐकूं नये. मोजण्याचें साधन जवळ नसेल तर सिलिंडरच्या वरच्या कडेशीं पाहावें: पिस्टन जेथपर्यंत घासत येतो त्याच्यावर काजळीची वाटोळी पट्टी राहते. तीन सिलिंडरांत ती अरुंद आणि चौथ्यांत रुंद असेल तर तो पिस्टन खालीं राहूं लागला आहे.

हेड निघालेंच आहे तर आणखी दोन गोष्टी. पिस्टनच्या माथ्यावर मापाचा आंकडा ठोकलेला असतो. त्यावरून सिलिंडर मूळ मापाचे आहेत कीं पूर्वीं मोठे केलेले, आणि आणखी एकदां मोठे करण्यास जागा आहे कीं नाहीं, हें कळतें. दुसरें म्हणजे हेडचा सपाटपणा. लोखंड आणि ॲल्युमिनियम उष्णतेनें सारखें फुगत नाहींत. इंजिन एकदां अति तापलें कीं हेड पिळवटतें. पट्टी तिरकी ठेवून खालून उजेड दिसतो कां तें पाहावें. थोडा पीळ फेस कटिंग करून जातो.

आतां खालची बाजू. चेंबर काढण्यापूर्वीं त्यांतील तेल स्वच्छ पांढऱ्या थाळींत काढून उन्हांत धरावें व त्यांतून लोहचुंबक फिरवावा. चुंबकास चिकटला तो पोलादाचा भुगा. न चिकटतां सोनेरी चमकतो तो बेअरिंगाचा. नंतर तीन मुख्य बेअरिंगें आणि चार रॉडांचीं, अशा सात टोप्या एकामागून एक उघडाव्या आणि ज्या क्रमानें, ज्या तोंडानें निघाल्या तशाच मांडून ठेवाव्या; त्यांची अदलाबदल झाली तर नवें संकट ओढवतें. बेअरिंग म्हणजे अर्धवर्तुळाकार पातळ कवच. त्याची पाठ पोलादाची, मध्यें तांब्याच्या जातीचा थर, आणि वर मऊ करड्या धातूची नाजुक साय. सर्वत्र एकसारखा करडा रंग असेल तर बेअरिंग निरोगी. मधूनमधून तांबूस रंग डोकावत असेल तर साय उडाली. समांतर ओरखडे म्हणजे घाणेरडें तेल. एकाच कडेला झीज म्हणजे पुन्हां तोच वांकलेल्या रॉडचा संशय. कवचाच्या पाठीवरहि माप असतें, आणि त्यावरून क्रँक यापूर्वीं किती वेळां घासला गेला तें कळतें.

क्रँक आणि बेअरिंग यांमधील फट मिलिमीटरच्या कांहीं शतांशांची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी असते. त्या फटींतील तेलाच्या पापुद्र्यावर सारा भार तरंगतो. ही फट मोजण्यास मेणासारखा एक बारीक दोरा मिळतो. तो क्रँकवर ठेवून टोपी ठरलेल्या जोरानें आंवळावी, मग उघडावी. दोरा चेपून जितका रुंद झाला असेल त्यावरून सोबतच्या पट्टीवर फट वाचतां येते. रॉडचीं व मुख्य बेअरिंगें, रिंगा व गॅस्केटें यांची किंमत एकंदर खर्चाच्या मानानें थोडी. इंजिन उघडें असतांना तीं नवीं घालावीं हें बरें.

एक मोह येथें टाळावा. 'पेट्रोलचें कशास, डिझेलचेंच बसवूं या,' असा सल्ला एके काळीं घरोघर दिला जाई. कारखान्यानें डिझेलची पद्मिनी स्वतः काढली होती खरी. परंतु पेट्रोलच्या गाडींत जड, थरथरणारें डिझेल इंजिन परस्पर घालणें म्हणजे पुढच्या स्प्रिंगा, ब्रेक, फाउंडेशनचे रबर आणि नोंदणीपत्रांतील इंधनाचा रकाना या सर्वांस हात घालणें. ॲम्बॅसॅडरवाल्यांसहि हा अनुभव ठाऊक आहे: १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची गाडी आणि १९९२ नंतरची इसुझूच्या इंजिनाची गाडी बाहेरून जुळ्या दिसतात, आंत मात्र एकीचें इंजिन दुसरींत सरळ बसत नाहीं.

इंजिन पसंत पडलें, घरीं आलें. आतां तें बसविण्यापूर्वीं मिस्त्रीस एक प्रश्न अवश्य विचारावा: पहिलें इंजिन मेलें कशानें? पुष्कळ गाड्यांत खरा मारेकरी इंजिनाच्या बाहेर असतो आणि तो तसाच राहतो. गाळानें अर्धा बुजलेला रेडिएटर, आंतून सुजलेली रबरी नळी, फाटका हवेचा फिल्टर, यांतलें जें कांहीं जुन्या इंजिनास भोंवलें तेंच नव्यास भोंवतें. मग लोक 'सेकंडहँड इंजिनें अशींच' म्हणून दुकानदारास शिव्या देतात. रेडिएटर काढून साफ करवावा, नळ्या नव्या घालाव्या. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या तर बदलाव्याच, कारण अलीकडच्या पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें आणि जुन्या रबराला तें मानवत नाहीं. इंजिन बाहेर असतांना ज्या वस्तु हातास लागतात आणि आंत गेल्यावर लागत नाहींत, त्या याच वेळीं नव्या घालाव्या: क्रँकच्या मागच्या बाजूचें तेलाचें सील, पत्र्याच्या झांकण्या, टायमिंगची चेन, क्लच प्लेट व तिचें बेअरिंग, पाण्याचा पंप. कार्बोरेटर, डेल्को, डायनेमो हे मात्र आपल्या गाडीचे, ओळखीचे असलेलेच चढवावे. अनोळखी इंजिन चालेना तेव्हां दोष शोधण्यास निदान एक बाजू तरी ओळखीची राहते.

पहिल्यांदा सुरू करण्याची घाई घरांत सर्वांना असते. मुलें खिडकींतून पाहत असतात. तरी प्लग न लावतां सेल्फनें थोडें थोडें फिरवून तेलाचा दाब येईपर्यंत थांबावें. तेल बेअरिंगांत पोंचल्याविना झालेला पहिला स्फोट नव्या कवचास ओरबाडून जातो. सुरू झाल्यावर धुराकडे पाहावें: निळा तेलाचा, काळा अधिक पेट्रोलचा, पांढरा सुरवातीस वाफेचा असतो, पण गरम झाल्यावरहि थांबला नाहीं तर पाणी आंत जात आहे. तेल घालावयाचें झांकण उघडून त्यावर तळहात धरावा. हलका श्वास लागला तर ठीक. भात्यासारखा वारा येऊं लागला तर रिंगांनीं दाब धरलेला नाहीं. नव्या गॅस्केटवर हेडचे बोल्ट इंजिन एकदां गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर पुन्हां ठरलेल्या क्रमानें व जोरानें आंवळावे, आणि त्यानंतर टॅपेटची फट पुन्हां मोजावी. पहिलें तेल ५०० किलोमीटरला बदलावें व तेंहि थाळींत घेऊन पाहावें. लोणावळ्याची सहल त्यानंतर.

राहिलें काढलेलें जुनें इंजिन. नव्या क्रमांकाची नोंद पत्रांत होईपर्यंत तें जिन्याखालीं तसेंच ठेवावें. नंतर कोणी विकत मागितलें तर पावती क्रमांकासह द्यावी, आणि सोबत एक कागद लिहावा: गाडी केव्हां घेतली, अंदाजें किती किलोमीटर झाले, पिस्टन कोणत्या मापाचे आहेत, क्रँक केव्हां घासला, केव्हां तापली, पुराच्या पाण्यांत गेली होती कीं नाहीं, आणि शेवटीं काय बिघडलें म्हणून काढलें. तो कागद मेणकापडांत गुंडाळून तारेनें ब्लॉकला बांधावा, म्हणजे तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातीं पडण्याचा थोडा तरी संभव राहतो.